परसातला वळसा: बागेतल्या रेल्वेच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

नात दिवाळीला आलीय, म्हणून मे महिन्यात आवरून ठेवलेली गाडी पुन्हा बाहेर काढली. विहिरीपासून खळ्यापर्यंत २३ मीटर एकेरी मार्ग. रूळ पितळी, ४५ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर), पुतण्याने जर्मनीहून येताना आणलेले सेकंडहँड. एलजीबी या जर्मन मॉडेल-रेल्वेवाल्यांनी हा आकार १९६८ मध्ये बाजारात आणला. १:२२.५ या प्रमाणात तो मीटर गेजच्या जवळ येतो. लहानपणी लोंढ्याहून दूधसागरवरून गोव्याला जायचो ती गाडी मीटर गेजचीच, त्यामुळे मला हे प्रमाण मनापासून पटतं.

अडचण जुनीच. इंजिन विहिरीपाशी पोचतं आणि तिथून डबे ढकलत मागे येतं. पोफळीपाशी वाक आहे, तिथे ढकललेला दुसरा डबा दर तिसऱ्या फेरीला रुळावरून उतरतो. आज नात म्हणाली, "आबा, ही उलटी का चालते? तोंड पुढे करून का नाही येत?"

इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावता येईल. भोर घाट १८६३ साली खुला झाला तेव्हा खंडाळ्याच्या खाली हेच करत: रिव्हर्सिंग स्टेशनात गाडी शिरायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला जायचं आणि चढण पुढे सुरू. माथेरानवाल्यांनी (१९०७) तसलं स्टेशन टाळायला घोड्याच्या नालेसारखा मोठा भराव घातला. माझ्याकडे घाट नाही, पण दर फेरीला वाकून कपलिंग सोडवणारी कंबरही नाही. तेव्हा दोन्ही टोकांना लूप टाकायचा. रिव्हर्सिंग लूप म्हणत बसण्यापेक्षा घरात शब्द ठरला: वळसा. एक विहिरीकडचा, एक खळ्याकडचा.

५ नोव्हेंबर

तीस वर्षं वीज मंडळात काढली, तरी हे कागदावर काढून बघावं लागलं. आपल्या रुळांतून डीसी जातो. एक रूळ प्लस, एक मायनस. समजा, उजवा रूळ प्लस असला की इंजिन पुढे. आता वळसा काढा: गाडी पॉइंटवरून (रुळाला फाटा फुटतो ती जागा) आत शिरते, गोल फिरते आणि त्याच पॉइंटवरून बाहेर येते. बाहेर येताना जो रूळ जाताना उजवा होता तोच डावा. म्हणजे प्लसचा रूळ फिरून मायनसच्या रुळाला चिकटला. शॉर्ट. यात वायरिंग चुकलेलं नाही. आकारच तसा आहे.

नातीला ते माझ्याआधी कळलं. मी कागदाची पट्टी कापून एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला निळं स्केचपेन मारलं. तिने पट्टी वळवून टोक परत पट्टीवर आणलं आणि म्हणाली, "लाल निळ्याला लागलं."

(दार्जिलिंगचा बतासिया लूप वेगळा. तिथे गाडी उंची बदलण्यासाठी स्वतःच्याच मार्गावरून किंवा खालून पुढे निघून जाते, त्याच रुळावर परत येत नाही. लूप शब्द एक असला तरी काम दुसरं.)

उपाय असा: वळशाचा एक तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रूळ कापून, मुख्य मार्गापासून वेगळा करायचा. त्यातली दिशा कायम एकच ठेवायची. गाडी आत असताना मुख्य मार्गाचा प्लस-मायनस पलटायचा, म्हणजे बाहेर पडताना सगळं जुळतं. आमच्या कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. वरच्या तारेत दोन फेज समोरासमोर येतात तिथे मध्ये मेलेली तार ठेवतात, न्यूट्रल सेक्शन. ड्रायव्हर तेवढ्यापुरता ब्रेकर उघडतो आणि गाडी वेगावर पुढे सरकते. मूळ चिंता तीच, दोन न जुळणाऱ्या गोष्टी गाडीने एकमेकींना जोडू नयेत.

१० नोव्हेंबर

विहिरीकडे जागा कमी, दोन माडांच्या मधली. माझ्याकडचे वाकडे तुकडे सगळ्यात लहान त्रिज्येचे, ६०० मिमी, प्रत्येकी ३० अंशांचे. बारा तुकड्यांचं वर्तुळ. पॉइंटही ३० अंशांचाच.

पहिला नकाशा सरळसोट काढला. पॉइंटच्या सरळ फाट्याने बाहेर, मग सात तुकड्यांचा वाक, मग वाकड्या फाट्याने परत. जुळवायला बसलो तर दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर सरळ रूळ लागले. एकूण लांबी ३ मीटर. पलीकडचा माड आडवा.

रात्री अंथरुणावर सुचलं. आमच्या गावच्या अरुंद थांब्यावर एसटीचा ड्रायव्हर गाडी वळवताना आधी तोंड उलट्या बाजूला काढतो, मग हात फिरवतो. तसंच इथे. सरळ फाट्याच्या पुढे एक तुकडा उलट्या दिशेने, मग आठ तुकड्यांचा वाक. सरळ रूळ एका बाजूला १ मीटर, दुसरीकडे ७० सेमी. वळसा २.१ मीटरमध्ये बसला! एक उलटा तुकडा घातला आणि ९० सेमी वाचले. असं काही पुस्तकात वाचून कळलं असतं तर एवढा आनंद झाला नसता.

१६ नोव्हेंबर

चिरे बसवले. जांभ्याचे जुने, पडवीच्या पाडकामातले, बावीस नग. खाली वाळू, वर चिरा, वर बारीक खडी. पाण्याची लेव्हल पाइप लावून तपासली, वळशात चढ-उतार अजिबात नको. लहान वाकात गाडीला आधीच ओढ जास्त लागते.

गवंडी काम संपवून बिडी पेटवून उभा राहिला. रुळाकडे बघून म्हणाला, "आबानू, ही फिरान थयच येतली, मगे एवढो खर्च कित्याक?" उत्तर सुचलं नाही. चहा दिला.

१७ नोव्हेंबर

वायरिंग. गाडीला वीज देणारा नियंत्रक पडवीत आहे, विहीर २३ मीटर लांब. वळशासाठी वेगळी वायर ओढण्याऐवजी ब्रिज रेक्टिफायर घातला (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे चार डायोड एकत्र), केबीपीसी २५१०, चौकोनी, मधे भोक. त्याच्या एसीच्या दोन पायांना मुख्य मार्गाचे दोन रूळ, प्लस-मायनसला वळशाचे दोन रूळ. मुख्य मार्गात प्लस कुठेही असो, वळशात तो कायम एकाच रुळावर. २५ अँपिअरचा भाग आणि गाडी खाते १ अँपिअर, तो गरमसुद्धा होत नाही. पडवीत एक डीपीडीटी स्विच (दोन्ही वायरींची एकदम अदलाबदल करणारा), मुख्य मार्ग पलटायला.

वेगळ्या तुकड्यासाठी प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या चारच होत्या. जिथे आधीपासून जोड होते तिथेच त्या बसवल्या.

संध्याकाळी नुसतं इंजिन सोडलं. आत गेलं, फिरलं. नातीला स्विच दिला होता, मी "आता" म्हटल्यावर तिने खटकन पलटला. इंजिनाने जरासा हिसका घेतला आणि तोंड पुढे करून घराकडे आलं. नात उड्या मारत होती. मी विहिरीच्या काठावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

वळशात शिरताना इंजिन जरा मंदावतं. बरोबर आहे, ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड लागतात, दीडेक व्होल्ट तिथेच जातो.

२४ नोव्हेंबर

आज चार डबे लावले आणि शॉर्ट. स्विच पलटला की नियंत्रकाचा कटआउट पडतो. डबे काढले की सगळं ठीक.

दोन तास गेले. मग डबे उलटे करून बघितले. डब्यांत दिवे आहेत. प्रत्येक डबा पुढच्या आणि मागच्या चाकांनी रुळातून वीज घेतो, आतून दोन्ही जोडलेले. माझा वेगळा तुकडा फक्त १.६ मीटर, गाडी २.१ मीटर. इंजिन बाहेरच्या (गाडी बाहेर पडते त्या) कापापाशी पोचलं तेव्हा शेवटचा डबा आतल्या (गाडी आत शिरते त्या) कापावर एक पाय इकडे एक पाय तिकडे करून उभा. मी पलटलं की त्या डब्यातून शॉर्ट.

मी मोजलं होतं इंजिन. मोजायची होती दिवा लागणारी सगळ्यात मागची चाकं.

१ डिसेंबर

काप हलवले. आता वेगळा तुकडा म्हणजे जवळजवळ सगळा वळसा, सव्वाचार मीटर. दोन काप हॅकसॉने रुळात थेट पाडले, पात्याच्या जाडीचे, मिलिमीटरभर. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची वाट कोण बघणार? सकाळी सातला, थंडीत, हात गारठलेले, पण काप झकास सरळ आले. दिवे लावलेली पूर्ण गाडी सहा वेळा फिरली, शॉर्ट नाही.

२२ डिसेंबर

पॉइंटचं. गाडी आत जाताना पॉइंट कायम एकाच फाट्याला लागलेला हवा. बाहेर येताना चाकांनी पात्याला (पॉइंटच्या सरकत्या रुळाला) ढकलून वाट काढायची आणि पातं परत जागेवर यायचं. त्यासाठी स्प्रिंग. इंजिन वजनदार, ढकलतं. डबे हलके, ते पात्यावर चढून खाली पडतात.

रिफिलची स्प्रिंग लावली होती. नरम व्हावी म्हणून अर्धी कापली. आणखी डबे पडले! मग आठवलं, वेटोळी कमी केली की स्प्रिंग ताठ होते. अर्धी केली तर दुप्पट ताठ. शाळेत शिकलेलं, विसरलेलं. मग कापण्याऐवजी दोन पूर्ण स्प्रिंगा एकामागे एक तारेवर ओवल्या. जोर निम्मा. डबे गुपचूप जातात आता. नात परत गेलीय, पण फोनवर सांगितल्यावर तिने विचारलं, "दोन लावल्या तर जास्त जोर नाही का येणार?" शेजारी-शेजारी लावल्या असत्या तर आला असता. हे फोनवर समजावताना रबर बँड आणायला सांगितलं.

११ जानेवारी २०२५

खळ्याकडचा वळसा सुरू. इथे जागा भरपूर, म्हणून त्रिज्या १.२ मीटर. एवढे वाकडे तुकडे विकत घेणं खिशाला झेपणार नाही. तीन बेअरिंगं आणि एक स्क्रू घेऊन बेंडर बनवला. सरळ रूळ दोन बेअरिंगांच्या मधून ओढायचा, तिसऱ्याने दाबायचा, दर खेपेला पाव फेरा. घाईने दाबलं की रूळ पिळला जातो. पहिला रूळ वाया गेला. तो आता तुळशीपाशी मोगऱ्याच्या वेलाला आधार देतोय.

वायरिंगला बसलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. हा वळसा पडवीच्या पायथ्याशी आहे. इथे ब्रिज कशाला? नियंत्रकाची दिशा मी कायम एकाच बाजूला ठेवतो. मग डीपीडीटीच्या आधीच दोन वायरी घेऊन थेट वळशाला दिल्या की झालं. वळशातली दिशा आपोआप कायम, स्विचमधून जातो फक्त मुख्य मार्ग. डायोड नाहीत, व्होल्टेज गळत नाही. पलटताना गाडीला हिसकाही नाही, कारण तिला कळतच नाही की मागे काही पलटलं.

मग विहिरीकडेही तसंच करावं का? दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरला साधारण १२ ओहम. जाऊन-येऊन ४६ मीटर, म्हणजे अर्धा ओहम. १ अँपिअरला अर्धा व्होल्ट जाईल, ब्रिजमधल्या दीडपेक्षा बराच कमी. हिशेब वायरीच्या बाजूने आहे. पण गाडी विहिरीकडे वळताना जी दमल्यासारखी मंदावते, ते मला आवडायला लागलंय. ब्रिज राहू दे.

९ फेब्रुवारी

चार आठवडे नोंद नाही कारण चार आठवडे गाडीच धड चालली नाही. विहिरीकडच्या वळशावर आंब्याची फांदी येते. यंदा मोहर चांगला आला आणि मागून तुडतुडे. त्यांचा चिकटा टपटप रुळांवर. त्यावर धूळ, त्यावर काळा थर. इंजिन वळशाच्या मधोमध थांबतं, बोटाने ढकललं की चार इंच जातं. हा पितळावरचा नुसता हवेचा काळपटपणा नव्हे. हा चिकटा म्हणजे रुळाला वार्निश.

आमच्या हिने सांगितलं, समई घासतो तसं आमसुलाने घासा. घासलं. रूळ सोन्यासारखे झाले, पण आंबटपणा स्लीपरांच्या फटींत राहिला आणि दोन दिवसांत हिरवट डाग. मग गरम पाण्याने धुवून काढले. शेवटी उपाय साधाच निघाला: ओल्या फडक्याने चिकटा आधी पुसायचा, मग भांडी घासायच्या हिरव्या चोथ्याने हलकेच. रोज सकाळी, चहाच्या आधी.

२ मार्च

स्विच हाताने पलटायचा कंटाळा आला. कंटाळा म्हणण्यापेक्षा, कोणी बोलवायला आलं की गाडी वळशातून बाहेर पडून आडवी. ती आपोआप पलटायला हवी.

इंजिनाखाली चुंबक चिकटवला, दोन्ही वळशांत रुळांच्या मधे एकेक रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा). घरात एक जिन्याचा रिले (विजेने पलटणारा स्विच) पडून होता, जो एकदा दाबला की दिवा लागतो आणि परत दाबला की विझतो. तोच लावला, १२ व्होल्टचा. इंजिन रीडवरून गेलं की रिले पलटेल, मुख्य मार्ग पलटेल. एकदम सोपं.

पहिल्या तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला इंजिन रीडच्या डोक्यावर थबकलं (चिकटा!), पुढे-मागे हललं, रिले दोनदा पलटला. दोनदा पलटला म्हणजे मुळीच पलटला नाही. गाडी बाहेर पडताना शॉर्ट. पाचव्या फेरीला कोणत्या बाजूला आहे हेच मला कळेना. पुढे-मागे मोजत गेलो, हातात बोटं धरून.

४ मार्च

रिलेच्या कॉइलवर कपॅसिटर लावून बघितला, रीड थरथरू नये म्हणून. थोडं सुधारलं. पण हे डाग लपवणं आहे. मूळ चूक वेगळीच असणार असं वाटतंय.

१५ मार्च, धुळवडीचा दुसरा दिवस

शिमग्याच्या गडबडीत दोन दिवस गाडीकडे फिरकलो नाही आणि त्यानेच काम झालं. पालखीच्या मागे चालत असताना लक्षात आलं, की रिलेला "पलट" असं सांगणंच चुकीचं होतं.

विहिरीच्या वळशातून निघालेली गाडी नेहमी खळ्याकडेच जाते. खळ्याच्या वळशातून निघालेली नेहमी विहिरीकडेच. मग विहिरीच्या रीडने "पलट" म्हणायचंच नाही, "खळ्याकडे कर" म्हणायचं. खळ्याच्या रीडने "विहिरीकडे कर". आधीच तसं असेल तर काही बिघडत नाही. दहा वेळा सांगितलं तरी उत्तर एकच.

त्यासाठी दोन कॉइलचा लॅचिंग रिले हवा. एका कॉइलला धक्का दिला की एका बाजूला जाऊन बसतो, दुसरीला दिला की दुसऱ्या बाजूला. वीज गेली तरी जागा सोडत नाही. आणि आमच्याकडे वीज जाते, मी स्वतः त्या खात्यात होतो तेव्हाही जायची. कुडाळला मिळाला नाही, पुतण्याने मुंबईहून पाठवला.

रीडची जागाही मोजून ठरवली. पलटण्याच्या क्षणी शेवटच्या दिव्याच्या डब्याने आतला काप ओलांडलेला हवा आणि इंजिनाने बाहेरचा अजून गाठलेला नको. सव्वाचार मीटरच्या तुकड्यात आतल्या कापापासून ३ मीटरवर रीड. गाडी २.१ मीटरची, दोन्हीकडे जागा शिल्लक. विहिरीकडच्या रीडसाठी जुनी नेटवर्कची केबल पोफळींच्या बुंध्याशी पुरली.

आज संध्याकाळी एकेचाळीस फेऱ्या. मी मोजल्या कारण दुसरं काही करायला नव्हतं. हात लावावा लागला नाही. मुद्दाम इंजिन रीडवर पकडून पुढे-मागे हलवलं, काही झालं नाही. आमची ही पडवीत बसून कोकमं निवडत होती, म्हणाली, "आता तुम्ही काय करणार?"

६ एप्रिल, रामनवमी

शॉर्ट. देवळातून पाहुणे आलेले, दाखवायला गाडी लावली, दुपारचे दीड. विहिरीच्या वळशात रिलेचा आवाज आला, टक, आणि कटआउट पडला. पुन्हा, पुन्हा. पाहुणे "छान आहे हो" म्हणाले.

संध्याकाळी पाचला लावली तर सुरळीत. रात्रीही.

७ एप्रिल

सकाळी चालते. दुपारी एकपासून चारपर्यंत शॉर्ट. आणि तोही फक्त रिले खळ्याकडे गेल्यावर. विहिरीकडे असताना काही नाही. अर्थात संशय रिलेवर. उघडला, संपर्क पुसले, दुसरा लावून बघितला. तेच. रीडची केबल उकरली. तेच. ब्रिज मात्र पहिल्यांदाच हाताला गरम लागला.

८ एप्रिल

सापडलं. दुपारी दोनला उन्हात पालथा पडून भिंगाने काप बघितले. आतल्या कापाचा एक रूळ बंद झालाय! डिसेंबरच्या थंडीत हॅकसॉने पाडलेला मिलिमीटरचा काप. पितळाला उन्हाने फुगवलं आणि दोन टोकं एकमेकांना टेकली.

हिशेब केला. पितळ दर अंशाला लांबीच्या दहा लाखांश १९ भागांनी वाढतं. डिसेंबरच्या सकाळचे २० अंश आणि आत्ता रुळाला हात लावता येत नाही, ५५ तरी असतील. २३ मीटरला १५ मिमी वाढ. ती कुठे जाणार? जोडपट्ट्यांत थोडी मुरली, उरलेली सगळ्यात मऊ जागी सरकली, म्हणजे माझ्या कापात. संध्याकाळी रूळ गार झाले की काप पुन्हा उघडा.

आणि फक्त पलटल्यावरच का? कारण गाडी आत येताना मुख्य रूळ आणि वळशाचा रूळ दोन्हीकडे प्लसच असतो. टेकले तरी कोणाला कळत नाही. मुख्य मार्ग पलटला की त्याच जागी प्लसला मायनस लागतं, ब्रिजच्या एका डायोडमधून. म्हणून ब्रिज गरम. चार महिने दोष तिथेच होता, त्याला फक्त एप्रिलची दुपार हवी होती.

काप ३ मिमी केला, चारही ठिकाणी, आणि आत जुन्या सनमायकाचे तुकडे रुळाच्या आकारात घासून अराल्डाइटने बसवले. पोफळीपाशी आणि मधोमध रूळ सरकायला दोन जागा ठेवल्या, लांब जोडपट्टी, एका बाजूने सैल, वीज जायला वरून लवचीक वायर सोल्डर केली. वीज मंडळात तारा ओढताना उन्हाळ्याचा झोळ धरायला मीच मुलांना शिकवायचो.

४ मे

नात आली. आल्या आल्या गाडी लावली तर रिले मुका. डबा उघडला: हुमल्यांचं घर. तांबड्या मुंग्यांनी रिलेभोवती पानं शिवून ठेवलेली, संपर्कांत चिरडलेल्या पाच-सहा. हाताला चावे घेतले ते वेगळे. डबा पडवीत वर टांगला, वायरींच्या भोकांत मेण भरलं.

नातीने सांगितलं, विहिरीच्या वळशात गाडी दमते ते तिला आधीपासून माहीत होतं. तिने तिथे वडाच्या पारंब्यांचं स्टेशन केलंय. थांबा नाही, नुसतं नाव आहे.

११ मे

तिला डीपीडीटी स्विच परत हवाय. आपोआप चालतं ते तिला कंटाळवाणं वाटतं. रिलेला बायपास करणारा एक स्विच लावला. तिने पहिल्याच फेरीला उशीर केला, शॉर्ट, कटआउट. दुसऱ्या फेरीपासून बरोबर जमलं. आता ती न बघता, आवाजावरून पलटते. इंजिनाचा सूर मंदावला की तीन मोजते.

२१ मे

दोन दिवस पाऊस. वळवाचा म्हणावा तर थांबत नाही. मेअखेरपर्यंत चालवायचं ठरवलं होतं. विहिरीकडचे दोन चिरे खचलेत, खालची वाळू वाहून गेली. पॉइंटच्या पात्यात खडी. गाडी घरात घेतली, नात खिडकीतून रूळ बघत बसलीय.

२५ मे

रेडिओवर सांगितलं, मॉन्सून देवगडपर्यंत आला. मे महिन्यात! पावसात छत्री धरून आवरलं. पॉइंटच्या स्प्रिंगा काढून डबीत, नातीच्या अक्षरात चिठ्ठी: "दोन एकामागे एक, शेजारी नाही." ब्रिज काढला, वायरींची टोकं ग्रीस लावून पिशवीत बांधली. रूळ बाहेरच राहतील, पितळाला पावसाचं काही नाही. खचलेले चिरे दिवाळीला, खाली वाळूऐवजी खडी भरून.

शेवटी रिले. बंद करताना तो कोणत्या बाजूला बसलाय ते बघितलं: विहिरीकडे. पाच महिने तो तसाच राहील, वीज असो नसो. डब्यावर मार्करने बाण काढला, विहिरीच्या दिशेचा, म्हणजे ऑक्टोबरात इंजिन ठेवताना तोंड कुठे करायचं ते विसरायला नको.